मामांचा ब्लूटूथ

जगातल्या साऱ्या इंटरनेट कंपन्या एकवटल्या, तरी आमच्या अणदूरच्या मामांकडून एक फोटो मागवून घेऊ शकणार नाहीत, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मामांच्या मोबाइलात नेट आहे, गावात टॉवर आहे. पण त्यांचा विश्वास फक्त ब्लूटूथवर. ज्याला काही हवं असेल त्यानं त्यांच्या ओसरीवर यावं, दोन्ही फोन पाटावर शेजारीशेजारी ठेवावेत आणि फाइल जाईपर्यंत चहा प्यावा. मला एकदा एका लग्नातला माझा फोटो हवा होता, तर म्हणाले, एस्टी चालू आहे की. गेलो मुकाट्यानं धाराशिवहून. फोटोत माझे डोळे मिटलेले होते.

कुणी वाद घातलाच, तर मामा देवळाकडं बोट करतात. "आमचा खंडोबा नळदुर्गाला मुक्कामाला जातो, तो पालखीत बसून. ते गाव न्यायला येतं, आमी पोचवायला जातो. त्याला कुनी व्हॉट्सॲपवर धाडतंय का?"

मामी गेल्या आणि या हट्टातली गंमत सरली. मामी मामांना यथेच्छ झापताहेत, असं एक रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाइलात होतं. त्यांच्या लेकीला आईचा तेवढाच आवाज उरलेला. तिनं पुण्याहून तो मागितला, तर मामांनी साफ नकार दिला. ती रडली, भांडली, वर्षभर माहेरी फिरकली नाही. मलाही राग आला. म्हटलं, मामा, हा निव्वळ अडाणीपणा झाला.

"व्हय, हाये मी अडानी," मामा म्हणाले. "पर आवाज हितंच मिळंल."

परवा मी ओसरीवर असतानाच ती आली, तणतणतच. संध्याकाळच्या गाडीनं परत जाते, असं उंबऱ्यातच सांगितलं आणि फोन पाटावर ठेवला. फाइल निम्मी जायची आणि तुटायची. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. मामा म्हणत, रेंज न्हाय. हातभर अंतरावर रेंज नाही म्हणे! मग माझ्या ध्यानात आलं, आज मामांचा फोन पाटावर नव्हताच. तो मांडीवर, उपरण्याखाली होता आणि त्यांचा अंगठा हळूच कॅन्सल दाबत होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंही ते पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती. तिनं आपला फोन उचलून पर्समध्ये टाकला.

"राहू द्या आप्पा," ती म्हणाली. "फाइल उद्या बघू."

मामा चहा ठेवतो म्हणून आत गेले, आणि किती तरी वेळ बाहेर आलेच नाहीत.