बाबांना काय खटकलं

आमच्या बाबांनी ताईचं दिल्लीच्या द्वारकेतलं घर पाहिलं नाही, आणि त्याला कारण मी आहे. म्हणजे मी आणि माझा लॅपटॉप, पण लॅपटॉपला कुणी नावं ठेवत नाही.

बाबा कराडचे, वीज मंडळातले निवृत्त वायरमन. ताई लग्नानंतर पंधरा वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिली आणि मग दाजींनी द्वारकेच्या सोसायटीत स्वतःचा फ्लॅट घेतला. मेट्रो नुकतीच तिथवर पोचली होती. वास्तुशांतीला बाबा यायचे होते, पण त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. पोरीचं घर एकदा बघू दे, एवढा एकच धोशा त्यांनी लावला होता.

मी तेव्हा ऑफिसच्या कामानं दोन महिने दिल्लीत होतो, ताईकडेच उतरलो होतो. म्हटलं, त्यात काय, कॅमेऱ्यातून दाखवू! कराडला चुलतभाऊ सदा आपला कॉम्प्युटर बाबांच्या खाटेशी मांडणार आणि इकडे मी लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरणार. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. (लिनक्स म्हणजे काय ते कळलं नाही तरी चालेल. पिशवीतलं तयार पीठ सोडून हट्टानं घरी दळून खाणारे लोक असतात ना, त्यातला मी.)

रविवारी संध्याकाळी पाचची वेळ ठरली. ताईनं नवे पडदे लावले, देव्हारा उजळला, स्वतः काठाची साडी नेसली. साडेचारला मी लॅपटॉप उघडला आणि वायफाय लागेना. दाजींनी राउटरबरोबर आलेली हातभर तार पुढे केली. मी ती परत दिली. तार लावून बाबांना काय, नुसती भिंत दाखवायची का? पाच मिनिटं द्या म्हटलं आणि वायफाय लागत नाही म्हणून सदाला फोनवर कळवलं.

त्या पाच मिनिटांचे दोन तास झाले. मी काळ्या पडद्यावर आज्ञांमागून आज्ञा टाइप करत होतो, वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढत होतो, पुन्हा घालत होतो. नवा ड्रायव्हर हवा तर तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता. (त्यासाठी ती परत दिलेली तार मागावी लागली असती, आणि ते मला कमीपणाचं वाटत होतं.) दाजी दर वीस मिनिटांनी चहा आणून ‘हो जाएगा, बिल्कुल हो जाएगा’ म्हणत होते, आणि पडदा दर वीस मिनिटांनी मला नाही म्हणत होता.

तेवढ्यात कराडहून फोन आला. तो ताईच्या नऊ वर्षांच्या, दिल्लीतच वाढलेल्या सईनं घेतला. पलीकडून बाबाच बोलत होते, अगदी खोल आवाजात. सईनं अच्छा, अच्छा केलं आणि मला निरोप दिला.

“मामा, आजोबांना काहीतरी खटकतंय. तुला बघायला सांगितलंय.”

ताईचा चेहराच उतरला. तिनं फोन हिसकावला, पण तोवर सदानं घेतला होता. काका थकलेत, डोळे मिटलेत, आता उद्या बघू, म्हणाला. मग ताईनं आणि दाजींनी देव्हारा या भिंतीवरून त्या भिंतीशी नेला, गॅसचं तोंड फिरवलं, दारातला आरसा काढून कपाटात ठेवला. (जे घर बाबांनी पाहिलंच नाही ते त्यांना खटकेल कसं, हे मला सुचायला हवं होतं. पण मी ड्रायव्हर घालत होतो.)

तो उद्या काही आला नाही. पहाटेच बाबा गेले.

कराडला तेरा दिवस ताई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती. बाबांना माझं घर मानवलं नाही हो, मनात ठेवून गेले. मी तिच्याशेजारी मान खाली घालून बसायचो. दुसरं करणार काय होतो?

परतीच्या गाडीत भुसावळ मागे पडलं. उकाडा मरणाचा आणि डब्यातला पंखा बंद. दाजी वर चढून कंगव्यानं पाती ढकलत होते. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती, ती वळलीसुद्धा नाही.

“अहो, आधी खटका बघा.”

सईनं मान वर केली. “आई, खटका म्हणजे काय?”

“बटण गं. स्विच.”

“आजोबा हेच तर म्हणाले होते. मामाला सांग, आधी खटका बघ.”

तक्रार आलेल्या प्रत्येक घरात बाबा आधी हेच वाक्य म्हणायचे आणि मग पेटी उघडायचे. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. पुढच्या कडेला नखाएवढा खटका होता, वायफायचा. पिशवीत कधीतरी सरकून बंद झाला असणार. मी तो ढकलला. दिवा लगेच निळा झाला आणि बिचारं लिनक्स आजूबाजूला नेटवर्क शोधायला लागलं. बाहेर केळीच्या बागा होत्या. मला फार रडू आलं.

ताईनं माझ्या हातातला तो निळा दिवा पाहिला. तीही रडली, पदर तोंडाला लावून बराच वेळ. मग पदराआडून, तेरा दिवसांत पहिल्यांदा, हसू आलं.

“म्हणजे बाबांना माझं घर नव्हतं रे खटकत. तू खटकत होतास.”

“ते तर लहानपणापासूनच,” मी म्हटलं, आणि पंख्याचा खटका बघायला उठलो. तोही बंदच होता.