वेल्सच्या चढावर बाबा

क्लच जळाल्याचा वास आला की मला वेल्समधला तो अरुंद चढ आठवतो. मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नोकरी करत होते, बाबा पुण्याहून पहिल्यांदाच आले होते आणि त्यांना डोंगरातली गावं दाखवायला मी गाडी भाड्याने घेतली होती. बाबांनी तीस वर्षं घाटात एसटी चालवली. इथे मात्र मांडीवर नकाशा घेऊन ते शेजारी बसले होते. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि वळणावर समोरून दुधाचा टँकर आला. मागे, चढावर जाणं मलाच भाग होतं. गाडी दोनदा बंद पडली, क्लच जळाल्याचा वास सुटला. "बाबा, मला नाही जमणार," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. बाबा उतरले, भर पावसात गाडीमागे उभे राहिले आणि डिकीवर थाप मारत ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, घाबरू नकोस... बास!" रस्ता जरा रुंद झाला तिथे मी गाडी कडेला घेतली. टँकरवाल्याने जाताना बाबांना हात केला. ते ओलेच आत बसले आणि दहा मिनिटांत चक्क घोरायला लागले. संध्याकाळी फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "दुसरं कुणी गाडी चालवत असलं की त्यांचा डोळाच लागत नाही गं." पुढे मला शाबासक्या पुष्कळ मिळाल्या, पण त्या झोपेएवढी मोठी एकही नाही.