कागदावरचे चार महिने

माझी बहीण माझ्यापेक्षा सोळा महिन्यांनी लहान आहे. कागदावर मात्र ती चारच महिन्यांनी लहान आहे, आणि हे आम्हाला कळलं ते दहिवडीत, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या बाईंच्या दुकानात.

फॉर्म सैन्यभरतीचा होता. माझी ही शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. बहिणीला मुलींच्या भरतीला जायचं होतं, म्हणून तीही बरोबर आली होती. बाईंनी आमचे दोघांचे दाखले शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुमी दोघं सख्खी का चुलत?"

"सख्खी."

"मग आईला इचारून या, चार म्हयन्यात दुसरं कसं झालं त्ये."

दुकानातली सगळी माणसं हसली. बहीण तर पोट धरून हसली. बाईंनी फॉर्म तसेच ठेवले आणि घरी विचारून उद्या यायला सांगितलं.

वडलांना आम्ही तात्या म्हणतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली. घरी आलो तेव्हा ते म्हशीला पेंड भिजवत होते. आमचं ऐकून त्यांना काहीच विशेष वाटलं नाही.

"आरं, शाळंत घालताना तुझं एक वरीस कमी लावलंय. भरतीला एक खेप जास्त मिळती. समदीच लावत्यात."

ते खरंही होतं. आमच्या गावात बरेच फौजी बाप हेच करत. माझा जन्म आजोळी, घरातच झालेला. नोंद कुणी केलीच नव्हती. तात्या सुटीवर आले, मला पहिलीत घालायला घेऊन गेले आणि गुरुजींना वर्षभर पुढची तारीख सांगून मोकळे झाले. बहीण साताऱ्याच्या दवाखान्यात जन्मलेली, तिची नोंद पक्की. मला वर्षभर पुढं ढकलताना माझ्या पाठची पोरगी त्यांच्या ध्यानातच आली नाही. सरहद्दीवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या माणसाकडून घरात असा घोळ झाला!

आई कपाळाला हात लावून हसत होती. आणि मला, खरं सांगायचं तर, आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला भरतीला जायचंच नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. चार वर्षं मी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळत होतो. सोळाशे मीटर चांगल्या वेळेत काढायचो. गावात कुणी भेटलं की "कवा जातुयास?" एवढंच विचारायचं. जाणार का, हे कुणीच विचारत नव्हतं. फौजेतली नोकरी आता चारच वर्षांची झाली, तरी गावाच्या लेखी फौज ती फौज. माझा जीव मात्र चुलत्यांच्या मेंढरांत. कळपात एखादं कोकरू मान टाकून उभं राहिलं की चुलत्यांच्या आधी मला कळायचं. सांगलीकडच्या एका कॉलेजात जनावरांच्या डॉक्टरकीतल्या पदविकेला मी गुपचूप अर्ज केला होता. नंबर लागला होता आणि आठ दिवसांत हजर व्हायचं होतं.

जेवताना मी घसा खाकरून म्हणालो, "तात्या, तारखांची चौकशी लागली तर हिचाबी फॉर्म अडकंल. माझा ऱ्हाऊ द्या. हिला जाऊ द्या."

बोलताना माझं मलाच भरून आलं. आईनं डोळ्याला पदर लावला. तात्या म्हणाले, "कुणी बघत न्हाई त्ये. दोघांचाबी भरा."

बहिणीनं भाकरी खाली ठेवली. "दादा, माझ्या नावावर खपवू नगंस. तुला जायाचं न्हाई, तर तसं म्हण की."

मला तिचा भयंकर राग आला. इतका थोरपणा जमवून आणला होता, आणि ही एका वाक्यात तो उधळून मोकळी! पण आता तिघंही माझ्याकडे बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "मला न्हाई जायाचं." मग कॉलेजचंही सांगून टाकलं.

तात्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"कवापास्नं न्हाई जायाचं?"

"पयल्यापास्नं."

"मग चार वर्सं पळत कशाला हुतास रं?"

"तुमी घड्याळ धरून संगं यायचा म्हणून."

हे बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. माझ्या अख्ख्या लहानपणी तात्या वर्षातून दोन महिने घरी असत, आणि त्यातला अर्धा वेळ पाहुण्यांचा. कायमचे घरी आल्यावर आम्हाला एकमेकांशी बोलायला विषयच नव्हता. पहाटेचा तो अर्धा तास होता. तो भरतीच्या नावानं मिळत होता, म्हणून मी पळत होतो.

तात्यांनी उरलेली भाकरी सावकाश संपवली. मग बहिणीकडे वळले. "आन तुला? तुला मनापास्नं जायाचंय का मला बरं वाटावं म्हणून?"

"मला जायाचंय," ती लगेच म्हणाली. "तुमी संगं आला न्हाई तरीबी मी पळीन."

तात्यांनी मान डोलावली. मला तिचा हेवा वाटला. तात्यांनी तो प्रश्न मला चार वर्षांपूर्वी विचारला असता, तर मी 'मनापास्नं जायाचंय' म्हणालो असतो आणि जन्मभर ते निभावलंही असतं.