फक्कीच्या घरात राहणारे भाऊजी

घर बांधायच्या आधी त्यात राहून बघणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. बाकीच्यांच्या साडूंचं बरं असतं. लग्नात भेटतात, मानपानावरून रुसतात आणि पुढच्या लग्नापर्यंत विषय मिटतो. माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणतो, ते धंद्यात माझे भागीदार आहेत. धाटावच्या एका केमिकल कंपनीत उभं आयुष्य शिफ्टमध्ये काढून ते निवृत्त झाले, त्याच सुमारास मीही पेणच्या एका मोठ्या कंत्राटदाराकडची सुपरवायझरी सोडून स्वतःची घरबांधणी सुरू करत होतो. मला विश्वासाचा एक माणूस हवा होता. तो मिळाला. सोबत त्याची कंपनीही येणार, हे मात्र मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे असं, की भाऊजी हेल्मेट काढत नाहीत. पिवळं, दोन ठिकाणी पोचे आलेलं हेल्मेट घालून ते मोकळ्या प्लॉटवर उभे राहतात. आजूबाजूला भाताची खाचरं, वर एक घार. मी एकदा वैतागून म्हणालो, "भाऊजी, अजून एक वीट रचलेली नाही. वरून पडणार काय? आभाळ?" ते शांतपणे म्हणाले, "आभाळाची ग्यारंटी कुणी लिहून दिलीय काय, शेठ?" मला तोंडावर शेठ फक्त तेच म्हणतात, आणि त्यात मान किती अन् टोमणा किती हे मला आजवर कळलेलं नाही. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते सगळ्या गड्यांना गोल बसवतात आणि दोन प्रश्न विचारतात. आज काम काय? आज धोका काय? एकदा शौचालयाचा खड्डा खणायचा होता. भाऊजींनी विचारलं, "आज धोका काय?" मागून एक बिगारी म्हणाला, "आज शेठ येनार हायेत." भाऊजींनी मान डोलावली आणि सगळ्यांना बजावलं, "मग सगळ्यांनी अंतर ठेवून काम करायचं." मी तेव्हा विटांच्या ढिगामागेच उभा होतो.

संध्याकाळी बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही कंपनीतली दुसरी खोड. आमच्याकडे बदली माणूस कुठला? मग ज्याचं घर त्यालाच हे चार्ज देतात. गागोद्याच्या एका आजींना मी हात जोडून उभं राहिलेलं पाहिलंय आणि हे त्यांच्यासमोर हेल्मेट सावरत सांगतायत, "सिमेंट शेडमध्ये हाय, पाणी टाकीत हाय, कुत्रा मोकळा हाय. आजी, घेतला ना चार्ज?" आजी म्हणाल्या, "घेतला रे बाबा, आता जा घरी."

पण या सगळ्या खोड्यांची महाराणी म्हणजे मॉक ड्रिल. कंपनीत वायू गळला तर कुणी कुठे पळायचं याची रंगीत तालीम होते, भोंगा वाजतो, माणसं मैदानात जमतात. भाऊजींच्या डोक्यात हे पक्कं बसलंय की ज्याची तालीम नाही ते करायचंच नाही. आम्ही पाया खणण्याआधी जमिनीवर फक्कीने आखणी करतो. पांढऱ्या भुकटीच्या रेघा, या भिंती, इथे दार, इथे मोरी. दुसरा कोणीही बिल्डर यानंतर कुदळ मारतो. भाऊजी घरमालकाचं अख्खं कुटुंब बोलावतात, चटया आणायला लावतात आणि त्या रेघांमध्ये त्यांना दिवसभर राहायला लावतात. शिट्टी वाजवून म्हणतात, "सकाळ झाली." माणसं खोटं खोटं उठतात.

गडब गावात महामार्गावरच्या एका दुकानदाराला दुकानामागे घर बांधायचं होतं. भाऊजींनी त्याच्या बायकोला बेडरूमच्या चौकोनात निजवलं आणि एकदम ओरडले, "वहिनी, दूध उतू जातंय!" ती बिचारी पदर सावरत धावली ती सरळ स्वयंपाकघराच्या चौकोनात. "थांबा! भिंतीतून गेलात. मागे या. दारातून जा." ती मागे आली, हॉलमधून निघाली, सासऱ्याच्या खुर्चीला वळसा घातला, मोरीवरून वळली आणि पोचली.

"पोचले," ती धापा टाकत म्हणाली.

"दूध गेलं," भाऊजी म्हणाले.

सासरा खुर्चीतून म्हणाला, "रोज जाईल गो असं. ह्यांना दार हलवाया सांग." दार हलवलं. मग सासऱ्याला टीव्ही दिसेना, म्हणून खिडकी हलली. दुकानदाराने भीत भीत विचारलं, "माझी जागा कुठली?" त्याची बायको म्हणाली, "तुमची दुकानात." रस्त्यावरून जाणारी माणसं गाड्या थांबवून बघत होती. मी वीटभट्टीवाल्याशी घसा फोडून जो भाव पाडून आणतो, तो या असल्या दुपारींत धुऊन जातो. हे मी भाऊजींना शंभरदा सांगितलंय, मोठ्या आवाजात.

आणि त्या रोह्याच्या बंगल्याच्या वेळी तर मी आधीच सांगितलं होतं. दोघे भाऊ. थोरला पेणला मुख्याध्यापक, धाकटा रोह्यातल्या एका बँकेत. आई धाकट्याकडे भाड्याच्या घरात. एकत्र राहायचं म्हणून दोघांनी मिळून प्लॉट घेतला होता, खाली एक, वर एक. आमचं ते पहिलं मोठं काम. त्याच्या भरवशावर मी मिक्सर घेतला होता, सेंट्रिंगच्या प्लेटा ठरवल्या होत्या. ते गेलं असतं तर मिक्सर विकून जुन्या कंत्राटदाराच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि त्याने मला हसून कामावर घेतलं असतं. मला त्या हसण्याची भीती होती. म्हणून मी भाऊजींना म्हणालो, "इथे ड्रिल नाही." ते म्हणाले, "नाय तर नाय." मी सळीचा भाव करायला पेणला गेलो.

परत आलो तर प्लॉटवर चटया. वरचा मजला शेजारी वेगळ्या रेघांनी आखलेला, त्यात थोरल्याचं कुटुंब. खालच्यात धाकट्याचं. मागे, जिन्याखाली, एका अरुंद चौकोनात त्यांची आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. मी काही बोलायच्या आत भाऊजींनी शिट्टी वाजवली. "संध्याकाळ झाली. सगळ्यांनी सांगा, दिवस कसा गेला." सुना हसत हसत सांगू लागल्या. मुलं म्हणाली गच्ची हवी. शेवटी भाऊजी मागच्या चौकोनाशी गेले. "आई, तुमचा?"

"बरा गेला," म्हातारी म्हणाली. "इकडे कोणी आलंच नाही." तक्रार नव्हती. एसटी आली नाही, असं सांगावं तसं सांगितलं तिने.

थोरला ओशाळून हसला. "अगं आई, हे सगळं खोटं खोटं आहे."

"खोट्या घरात तरी यायचं होतंस," ती म्हणाली.

सुनांनी चटया गुंडाळल्या. आठवडाभरात धाकट्याचा फोन आला, की तूर्त थांबू या. मग कळलं, भावाभावांत खूप वाजलं. थोरल्याने धाकट्याचा हिस्सा घेतला आणि पनवेलच्या एका कंत्राटदाराकडून बंगला उभा केला. धाकट्याने तळमजल्यावरचा तयार ब्लॉक घेतला, आईची खोली पुढे, रस्त्याकडे. आम्हाला एक वीटही लावायला मिळाली नाही.

मी भाऊजींना एक शब्द बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरून कळेल की प्रकरण कुठवर गेलं होतं. भागीदारी मोडायची मी ठरवलं. बायको म्हणाली, "ताईच्या नवऱ्याला काढलंत तर उद्यापासून जेवायला धाटावच्या कॅन्टीनमध्ये जा." तरी मी भाऊजींच्या घरी निघालो. वाटेत मोटरसायकलवर सगळं भाषण घोकलं.

दुपार होती. ताई कुठेशी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. भाऊजी घरात एकटेच. हेल्मेट नसलेलं त्यांचं डोकं मी खूप दिवसांनी पाहत होतो, लहान दिसत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "थांबा, आधी च्या ठेवतो." चहा उकळला, गाळला, आणि मग ते फडताळापुढे उभे राहिले. एक डबा उघडला, रवा. दुसरा, पोहे. तिसऱ्यात मीठ, ते त्यांनी चाखून पाहिलं.

"साखर कुठे असते?" मी विचारलं.

"तेच बघतोय."

"घर कधी बांधलंत हे?"

"पोरगा व्हायच्या आधी." ते डब्यांकडे बघतच बोलत होते. "दिवसपाळी असली की अंधारात निघायचो. रातपाळी असली की दिवसा झोपायचो. ह्या घरात झोपलोय भरपूर, शेठ. राह्यला आत्ताशी लागलोय. काय सापडत नाय."

डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बंगला गेला ना?"

"गेला."

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळे," मी म्हणालो. त्यात मी काही कमी केलं नाही, आजही करत नाही. छोटी छोटी कामं मिळत गेली, कुणाची पडवी, कुणाचं शौचालय, आणि मिक्सर विकावा लागला नाही, ही गोष्ट वेगळी. तो बंगला माझा होता.

पण त्या दुपारी घोकलेलं भाषण जिभेवर आलं नाही. चहा निवत होता. मी म्हणालो, "ताईंना फोन लावा ना, सांगतील साखर कुठे आहे ते."

"नको," भाऊजी म्हणाले. "माझं घर हाय. मी शोधतो."

मी बिनसाखरेचा कप हातात धरून बसून राहिलो. ते खालच्या फळीशी वाकले आणि एकेक झाकण उघडून आत बघू लागले.