त्या प्रार्थनेतली दोन नावं

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला जबलपूरचं ते चर्च आठवतं. एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर नागपूरकडचे एक ख्रिस्ती मिस्त्री होते. मी कुठलाच देव मानत नसे आणि रोज त्यांची टिंगल करायचो. एकदा ते म्हणाले, "काहून हसून राहिला? एकदा चल तर माझ्यासंग." कँटीनमध्ये सांगायला गंमत मिळेल म्हणून रविवारी गेलो. खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद होते, बाकं गार होती, पण सगळ्यांनी गायला सुरुवात केली तसं मला उगाचच बरं वाटलं. मग मिस्त्रींच्या पत्नी लढाईवर गेलेल्यांची नावं वाचू लागल्या. त्यात माझ्या धाकट्या भावाचं नाव आलं. मी चमकून पाहिलं. मिस्त्री हळूच म्हणाले, "त्याची चिठ्ठी नाही आली म्हणला होता ना तू? तेव्हापासून दर रविवारी त्याचं नाव घेतो." पुढचं नाव त्यांच्या मुलाचं होतं. तो लढाईवर आहे हे मला ठाऊकच नव्हतं; मी कधी विचारलंच नव्हतं. माझा भाऊ परतला, त्यांचा मुलगा परतला नाही. तरी मिस्त्री भावाला पाहायला घरी आले, त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला तेव्हाही माफी मागता आली नाही, याची अजून लाज वाटते.