काचेच्या दिवशी बारसं

थोरलीचं बारसं कसं झालं ते लिहूनच ठेवते. तुमचे आईबाबा ती हकीकत सांगताना एकमेकांना तोडतात आणि क्रम चुकवतात.

नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तुमचं घर न्युरेम्बर्गच्या पलीकडे एका खेड्यात होतं. बारशाच्या आदल्या दिवशी पाऊस आला आणि पडता पडताच गोठला. सकाळी सफरचंदाची झाडं, कुंपण, विजेच्या तारा, सगळं काचेत घातल्यासारखं चमकत होतं. बर्फाच्या वजनाने फांद्या मोडून तारांवर पडल्या, त्यामुळे वीज नाही. रस्ते बंद. झिंडेलफिंगेनहून निघणारी तुमची आत्या मोबाइलवर रडकुंडीला आली. "अगं आई, गाड्याच सुटत नाहीयेत!"

आणि माझं परतीचं विमान उद्याचं. आज राहिलं, तर पहिल्या नातीचं बारसं मला दिसणारच नव्हतं.

"अहो आई, बाळाच्या कानात नाव कोण सांगणार आता?" तुमची आई म्हणाली.

"मी सांगतो की," तुमचा बाबा म्हणाला.

"तू बाप आहेस. घुगऱ्यांचं बघ," मी त्याला बजावलं.

शेजारच्या शेतकरीणबाईंकडे लाकडाची चूल होती. बाबाने बुटांवर लोकरीचे मोजे चढवले, म्हणजे पाय घसरत नाही, आणि हरभऱ्यांचं पातेलं घेऊन अंगण ओलांडलं. परतला तो शिजलेल्या घुगऱ्या, शेजारीणबाई आणि त्यांची जाऊ यांना घेऊनच. दोघींच्याही बुटांवर मोजे!

तुमच्या आईने जर्मनमध्ये विचारलं, "आज तुम्ही आत्या व्हाल का?"

"हो, हो! काय करायचं?"

"कानात कुर्र करून नाव सांगायचं."

आत्याला ऐकू यावं म्हणून मोबाइल पाळण्याशी धरला. बाई वाकल्या. त्यांचं जर्मन कुर्र थेट घशातून आलं. रीतीप्रमाणे मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. धपाट्यांचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

त्या ताठ उभ्या राहिल्या. तुमच्या आईने घाईघाईने खुलासा केला.

"आल्झो, असं होय," बाई म्हणाल्या, "नाव बाळाला आणि मार मला?" मग जावेकडे वळून त्यांनी पाठ पुढे केली. "ये, तूही घे हात धुऊन. किती वर्षं वाट बघते आहेस!"

जावेने मनापासून दोन ठेवून दिले. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मोबाइलमधून आत्या ओरडली, "आई, थांबव त्यांना! ते धपाटे माझे आहेत!"