दरेकसाला नेलेला कॅमेरा

पुण्याहून निघताना शेजारच्या काकूंच्या हाती घराची किल्ली दिली आणि आईला सांगितलं, "दरेकसाला जाऊन येते." खिडकीशी बसलेली आई वळली नाही. गेल्या वर्षापासून तिला कुणाचीच ओळख राहिलेली नाही. मला, पोटच्या मुलीला, ती 'अहो बाई' म्हणते. नाव आठवतं ते एकच, लहानपणच्या मैत्रिणीचं. सगुणा. आजोबा दरेकसा स्टेशनवर पॉइंट्समन होते, तिथल्या क्वार्टरमध्ये आई वाढली. डॉक्टर म्हणाले होते, जुने चेहरे दाखवून बघा. सगुणाबाईंचा चेहरा घेऊन यायचा, एवढ्याचसाठी मी निघाले होते.

गळ्यात भावाचा कॅमेरा होता. भावाला परदेशातून यायला जमत नाही, तो वस्तू पाठवतो. कॅमेरा इतका महागडा, की शेजारीपाजारी बघायला आले होते. पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बॅटरी भरलेली दिसते आणि चार फोटोंत डोळे पांढरे करते. फोकस समोरच्या माणसाला सोडून मागच्या भिंतीवर बसतो. दुरुस्तीला नेला तर काउंटरवरचा म्हणाला, "तिकडचा माल आहे मॅडम, इकडे वॉरंटी नाही." भावाला कळवलं, तर त्याने माहितीपुस्तिका नीट वाचायला सांगितली.

गोंदियाला उतरून फलाटावर चहा घेत होते, तेवढ्यात चहावाला म्हणाला, "मॅडम, आपकी पॅसेंजर येऊन राहिली." म्हणजे येऊन उभी राहिली असं समजून मी चहा टाकून, बॅग उचलून पळाले. रूळ मोकळे! मागे सगळा स्टॉल हसत होता.

"अरे मॅडम, येऊन राहिली म्हणजे आ रही है!"

इकडे 'येते आहे'ला 'येऊन राहिली' म्हणतात. हसू मलाही आलं, पण ते वाटून घ्यायला शेजारी कुणी नव्हतं.

पॅसेंजरच्या खिडकीतून भाताच्या बांध्या (बांध घातलेली खाचरं) मागे पडत होत्या. सालेकसानंतर जंगल जवळ आलं, पळस फुललेला दिसला. मी फोटो काढले. त्यांत खिडकीचे गज तेवढे स्पष्ट आले. बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद करून टाकला.

दरेकसाला माझ्याबरोबर उतरलेली माणसं पायवाटेने झाडीत दिसेनाशी झाली आणि फलाटावर मी एकटी उरले. आईचं क्वार्टर आता नाही. नुसत्या जोत्यावर शेळ्या बसल्या होत्या. स्टेशनवरच्या माणसाने सगुणाबाईंचं घर दाखवलं. अंगणात मोहफुलं वाळत होती, त्यांचा गोडसर आंबूस वास सुटला होता. आईचं नाव घेताच सगुणाबाई काठी टाकून उठल्या.

"विमलची पोरगी तू? नाव काय तुझं? माय काऊन नाही आली?"

मी नाव सांगितलं, आईच्या विसरण्याचंही सांगितलं. त्या बराच वेळ मोहफुलं हाताने सारखी करत राहिल्या. फोटोचं विचारलं तशा म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलून येतो." (इकडे बायकाही 'येतो'च म्हणतात.)

नवं लुगडं नेसून, तेल लावून विंचरून त्या उंबऱ्यावर ताठ बसल्या. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, कार्ड एरर. कार्ड काढलं, फुंकलं, पुसलं, परत घातलं. मग भिंग बाहेर येऊन तिथेच अडकलं आणि शेवटी पडदाच काळा झाला. माझ्या साध्या फोनला कॅमेरा नव्हता. मला रडू आवरेना.

"कायले रडून राहिली वं? ते ठेव तिकडं, अन् जेव."

भात आणि लाखोळीची (चपट्या दाण्यांची, इकडची) डाळ. जेवताजेवता मी विचारलं, "आईला तुम्ही कशी हाक मारायच्या?"

"मोह वेचाले जावाचं राहे, तं फाटकातून आवाज देत होतो," असं म्हणून त्यांनी खड्या आवाजात हाक मारली, "विमल, येऊन राहिली का वं?" अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

संध्याकाळच्या गाडीला त्या फलाटावर आल्या. गाडी हलली तरी नव्या लुगड्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "नीला, परत येजो वं!"

पुण्यात दुकानदाराने कार्ड तपासलं. रिकामं. घरी आले, तर आई खिडकीशीच. तिला दाखवायला हातात काही नव्हतं. दारात चपला काढता काढता एकदम तोंडातून गेलं, "विमल, येऊन राहिली का वं?"

आई वळली.

"येऊन राहिलो वं सगुणे! टोपली घेतो!"

तिने माझा हात घट्ट धरला आणि ती हसली. मीही हसले.

आता रोज सकाळी मी दारातून तीच हाक मारते आणि आई ओ देते. कॅमेरा कपाटात आहे. भाऊ फोनवर विचारतो, फोटो कसे आले. मला नावाने हाक मारणारं या घरात आता कुणी नाही. ती हाक मी शेवटची ऐकली, दरेकसाच्या फलाटावर.